कापायची का जीभ, मॅडम?

नोकरीभर लोक मला जीभ काढून दाखवत आले आणि मी त्याचा पगार घेत आले. दवाखान्यात तर दाखवलीच, पण बाजारात वांगी निवडताना दाखवली, लग्नाच्या पंगतीत दाखवली. एकदा एसटीच्या कंडक्टरने तिकीट देता देता आपली जीभ बाहेर काढली आणि विचारलं, "मॅडम, माही ठीक आहे का?" ठीकच होती. नसती तर "पुढे सरका" म्हणून एवढा ओरडला कसा असता!

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी मुलांच्या बोलण्याची तपासणी आणि उपचार करायचे. दारावरच्या पाटीवर 'वाचाउपचारतज्ज्ञ' असं लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नाही, वाचलं तरी कोणाच्या तोंडात बसलं नाही. लोकांनी मला 'जिभवाली मॅडम' करून टाकलं. आमच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनेला तोंडाचा पट्टा चालवायचा पगार मिळतो." त्या कौतुकाने सांगायच्या की कसं, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या.

आता हा धंदा काय असतो ते थोडं सांगते. आरशासमोर उभं राहा आणि जीभ वर उचला. खाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल, लोक त्याला दोरा म्हणतात. तो सगळ्यांना असतो. काही बाळांचा तो आखूड असतो, जाड असतो, कधी पार जिभेच्या शेंड्यापर्यंत आलेला असतो. असं बाळ रडलं की जिभेचा शेंडा पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो. आमच्याकडे त्याला 'जीभ चिकटेल आहे' म्हणतात. मोठे डॉक्टर 'टंग टाय' म्हणतात. गोष्ट एकच.

आणि एकदा का कोणी सांगितलं की जीभ चिकटलेली आहे, की घरच्यांना झोप लागत नाही. वेखंड उगाळून लावून झालेलं असतं. पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालून झालेला असतो. मग ते आमच्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात: कापायची का? आमच्या सर्जन साहेबांशी माझा करार होता. मी मान हलवल्याशिवाय त्यांनी कात्री उचलायची नाही. मी मान कधी हलवायची, याचा नियम मी स्वतःपुरता केला होता. दिसते म्हणून कापायची नाही, अडते तर कापायची.

कधीकधी अडते, आणि चांगलीच अडते. एका पावसाळ्यात भामरागडच्या पलीकडच्या गावातून एक तान्ही मुलगी आली. दिवसभर आईच्या छातीशी, तरी उपाशी. पिताना तोंडातून चटचट आवाज यायचा, दूध ओठाच्या कडेने गळायचं. आईच्या छातीला भेगा पडलेल्या. बाळ पाजायला घेतलं की ती दात आवळून डोळे मिटायची. सोबतच्या सासूचं निदान केव्हाच झालं होतं.

"दूधच नाई हिले," ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली. "सुकेल बाईचं लेकरू सुकेलच रायनार."

सून भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी बाळाच्या जिभेखाली बोट घातलं. दोरा तारेसारखा ताठ. तरीही लगेच कापत नाहीत. आधी बाळाला धरायची पद्धत बदलून पाहतात, बऱ्याच बाळांचं तेवढ्याने भागतं. शहरातली बाई असती तर आठवड्याने या म्हटलं असतं. पण आषाढात तिकडची नदी पुलावर चढली की आठवड्याने कोण येणार? म्हणून त्यांना ठेवूनच घेतलं. सिस्टरने सगळे प्रकार करून पाहिले. वजनाचा काटा जागचा हलेना, तेव्हा मी मान हलवली. साहेबांनी जीभ वर उचलली, एक बारीकशी चीर दिली, रक्ताचा ठिपका आला न आला तोच बाळ आईकडे दिलं. या वेळी चटचट आवाज आला नाही. घुटका गिळल्याचा आवाज आला. सून आधी घाबरली, मग तिच्या लक्षात आलं की दुखत नाहीये, आणि ती हमसून रडायला लागली. सासू वाकून बघत राहिली. "एवढ्याश्या दोऱ्यानं माह्या नातीले उपाशी ठेवलन," असं म्हणाली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे पाठीवरचा हात हीच माफी.

एक खंत मात्र आहे, तीही इथेच सांगून टाकते. चामोर्शीकडची एक मुलगी बोलत नव्हती, म्हणून कोणीतरी बाहेरच तिचा दोरा कापून दिला होता. आईबाप वर्षभर वाट पाहत राहिले, आता बोलेल, मग बोलेल. माझ्याकडे आली तेव्हा मी तिच्या पाठीमागे ताट वाजवलं. तिने वळूनही पाहिलं नाही. तिला ऐकूच येत नव्हतं. पुढे कानाचं यंत्र मिळालं, ती शिकली, पण ते वाया गेलेलं वर्ष मला अजून टोचतं. जिभेखालच्या दोऱ्याने मूल मुकं होत नाही. फार तर काही अक्षरं अडखळतात. एवढी एक गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरली तर माझी नोकरी सार्थकी लागली म्हणेन.

पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर आला तो आयुष. (नाव बदललं आहे. खरं नाव लिहिलं तर त्याचा बाप मला ताजे मासे पाठवायचा बंद होईल.)

थंडीचे दिवस होते. मनोहरभाऊ, त्यांची बायको शालूबाई आणि साडेचार-पाच वर्षांचा आयुष असे तिघं आले. आमच्याकडे जुन्या मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात. मनोहरभाऊ अशाच एका तलावावर मासेमारी करायचे. पोराने पाण्यात आयुष्य काढू नये म्हणून त्यांनी त्याला तालुक्याच्या गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. आमच्याकडे टाय लावणाऱ्या कुठल्याही बालवाडीला कॉन्व्हेंट म्हणतात. वर्गात बाकी सगळी नोकरदारांची, बाहेरून बदली होऊन आलेल्यांची मुलं. गावावरून व्हॅनने जाणारा हा एकटा.

"कापा, मॅडम," मनोहरभाऊ बसायच्या आधीच म्हणाले.

"काय कापू?"

"याची जीभ. चिकटेल आहे म्हने. सारेतल्या मिसनं बॅटरी मारून पाह्यलन. बोबडा बोलते म्हने. कापून आना म्हनलन."

म्हणजे शाळेतल्या बाईंनी निदान करूनच पाठवलं होतं. आयुष आईच्या पदराआड उभा होता. मी नाव विचारलं. गप्प. जेवलास का? गप्प.

शालूबाई हळूच म्हणाली, "पह्यले याचं तोंड बंदच नाई होये, बाई. वर्गातले पोट्टे बोबड्या बोबड्या करून हासतेत, तवापासून सारेत बोलतच नाई. आता घरीबी निस्ती मुंडी हालवते. रातच्याले मले म्हने, आई, मी मुकाच बरा हावो."

पाच वर्षांचं पोर हे म्हणालं! समोर जीभ नव्हतीच, एक गप्प होत चाललेलं मूल होतं. वर्षभर तो असाच राहिला तर त्याचं बोलणं पुन्हा उघडायला किती घाम गाळावा लागतो ते मला ठाऊक होतं.

तोंड उघडून पाहिलं. दोरा होता. मिसचं अगदीच चुकलं नव्हतं, चांगला शेंड्याजवळ आलेला दिसत होता. वरच्या ओठाला गूळ चोळला. त्याने जीभ वर नेऊन ओठ स्वच्छ चाटला. म्हणजे जीभ वर जात होती. तेवढ्यात सर्जन साहेब दारात डोकावले.

"काय, घ्यायचा का हा? एवढ्या मोठ्याला भूल द्यावी लागेल, पण उद्या सकाळी करून टाकू."

"थांबा," मी म्हटलं. "मी अजून त्याला ऐकलं नाही."

न बोलणाऱ्या मुलाला कसं ऐकायचं? आमच्या धंद्यात यासाठी एक साधी युक्ती आहे. मोठ्या माणसाने चुकायचं. चुकलेलं मोठं माणूस मुलांना सहन होत नाही. मी खेळण्यांची टोपली ओतली, जमिनीवर फतकल मारून बसले आणि एक प्लॅस्टिकचं बदक हातात घेऊन म्हटलं, "वा वा, केवढी मोठी मासोरी!"

मासोळी नाही म्हटलं, मासोरी म्हटलं. मी ब्रह्मपुरीकडची. माझ्या माहेरी मासोरीच म्हणतात. दवाखान्यात मी छापील मराठी बोलायचे, पण जमिनीवर बसले की माहेरची भाषा आपोआप येते.

आयुषने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग बदकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला दया आली असावी.

"मासोरी नोहोय थे," तो पुटपुटला. "बदक होय."

"काहून? पान्यात त रायते."

"मासोरी तऱ्यात रायते. खालती. बाबा जारा टाकते मंग निंगते. गरानंबी धरते." आणि मग बांध फुटला. रोहू किती मोठी असते, कतलाचं डोकं केवढं असतं, झिंगे कसे उड्या मारतात. शालूबाईने पदर तोंडाशी धरला होता. मी मात्र एकच गोष्ट ऐकत होते. रोहू. तरा. जारा. गर. मासोरी.

वाचणाऱ्याला आता थोडं अक्षरांचं सांगते. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ळ नाही. तळ्याला तरा, जाळ्याला जारा, केळ्याला केरा, डोळ्याला डोरा आणि शाळेला सारा म्हणतात. ण पण नाही, पाण्याला पानी म्हणतात. मासे धरणाऱ्याच्या घरात तर ळ जागोजाग: तळं, जाळं, गळ, मासोळी. त्या सगळ्यांचा र होतो. नोकरदारांच्या मुलांमध्ये हा पोर 'मिस, केरा' म्हणाला असेल आणि मिसला तो बोबडा वाटला असेल.

गंमत पुढे आहे. जीभ खरंच बांधलेली असली तर सगळ्यात आधी जे अक्षर पडतं ते र. त्यासाठी जिभेचा शेंडा टाळूजवळ थरथरावा लागतो. असं मूल रोहूला 'लोहू' म्हणतं नाहीतर 'योहू'. आणि या पोराच्या तोंडात र खणखणत होता. ज्या अक्षरासाठी त्याची जीभ कापायला आणली होती, तेच अक्षर सांगत होतं की जीभ मोकळी आहे.

मी उठून मनोहरभाऊंना म्हटलं, "कापायची गरज नाही. जीभ चांगली आहे."

त्यांना ते पटलं नाही. लांबून आलेल्या माणसाला 'काही नाही' हे उत्तर कधीच पटत नाही. "मंग केरा काऊन म्हनते?"

"तुमी काय म्हनता?"

"केरा," ते म्हणाले आणि थांबले. चेहरा उतरला. खुर्ची पुढे ओढून त्यांनी आवाज खाली घेतला. "म्हंजे माह्यीबी चिकटेल आहे?"

आणि त्यांनी आ केला. मी सांगते, मला हसू आलं होतं, पण त्या माणसाचे डोळे पाहून ते गिळलं. तो थट्टा करत नव्हता. आपलीच काहीतरी खोट पोराकडे गेली, असं त्याला खरोखर वाटलं होतं.

"माह्या बापबी तसाच बोले," ते म्हणाले. "खानदानीच असन. शालू, तूबी दाखव." शालूबाईने निमूट जीभ काढली. "आमच्या गावात त सारेच असे बोलतेत, मॅडम."

"मंग पुरा गावच कापा लागन, भाऊ," मी म्हटलं. "पह्यले सरपंचापासून सुरू करू?"

आधी शालूबाई हसली. मनोहरभाऊंना वेळ लागला. मग तेही हसले, पण लगेच गप्प झाले. "तुमचं बरोबर आहे, मॅडम. पन तुमचं हे सारेत कोन आयकनार? थे पोट्टे हासतेत त हासतेतच. मले त्याले शिकवाचं आहे."

बाप चुकीचं बोलत नव्हता. माझं निदान कितीही बरोबर असलं तरी सोमवारी त्या वर्गात बसायचं आयुषला होतं. मी म्हटलं, "तुमी झिंग्यासाठी कोनता जारा नेता?"

"बारीक डोऱ्याचा." जाळ्याच्या भोकालाही डोळाच म्हणतात.

"आन रोहूसाठी?"

"मोठ्या डोऱ्याचा. एका जाऱ्यानं कसं होईन?"

"मग पोराला दोन जाळी द्या. घरी केरा, शाळेत केळं. ळ मी त्याला खेळता खेळता शिकवते. पण घरचं जाळं फेकायचं नाही. त्याला चूक म्हणायचं नाही."

ते विचारात पडले. उठताना स्पष्टच बोलले, "चार बाऱ्या येऊन पाहू. मिससमोर बोलला त ठीक. नाई बोलला त चंद्रपूरले नेऊन कापून आनतो. माह्या एकच पोरगा आहे, मॅडम."

धमकी नव्हती ती, हतबलता होती. आणि चंद्रपुरात पैसे दिले की कोणीतरी कापलंच असतं. बिनकामाची भूल, बिनकामाची चीर, आणि त्यानंतर पोराने घरी येऊन पुन्हा केराच म्हटलं असतं.

मग त्यांचं येणंजाणं सुरू झालं. ळ आयुषने चटकन उचलला. ळ चा आवाज म्हणजे मासा पाण्यात उलटतो तेव्हा होतो तसा, असं मी त्याला सांगितलं होतं. हे शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, पण त्याला पटलं. माझ्यासमोर तो आता भांडभांड भांडायचा. शाळेत मात्र तोंडाला कुलूप. शेवटी मी मिसलाच निरोप पाठवला, शनिवारी शाळा सुटली की या.

ती स्कूटीवरून आली. फार तर बावीस-तेवीसची असेल, कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस. नाकासमोर बघून चालणारी. सरकारी बाई आपली खरडपट्टी काढणार, अशा तयारीने आली होती. मनोहरभाऊ, शालूबाई खुर्च्यांवर अवघडून बसले. मिसला पाहताच आयुष खेळण्यांच्या टोपलीमागे गेला आणि तोंड मिटून बसला. मनोहरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. चंद्रपूर.

"मी त्याच्या भल्यासाठीच सांगितलं, मॅडम," मिस म्हणाली. तिची मराठी स्वच्छ होती, जरा जास्तच स्वच्छ. "त्याला मी खूप वेळा सांगते, पण तो मण लावून बोलतच नाही."

मण लावून.

बाकी कोणाला ते ऐकू आलं नसतं. पण हयातभर मी दुसरं केलंय काय? ज्याला ण जन्मापासून मिळतो तो 'मन' ला 'मण' म्हणत नाही. ज्याने ण मोठेपणी कष्टाने कमावलेला असतो त्याच्याकडून तो असा नको तिथे सांडतो.

रागावायचं ठरवून बसले होते, पण राग कुठल्या कुठे गेला. मी हळूच विचारलं, "मिस, तुमचं गाव कोणतं?"

"कुरखेड्याकडे."

"तुमच्या आई शाळेला काय म्हणतात?"

ती लाल झाली. मनोहरभाऊंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. वाटलं आता उठून जाईल.

"सारा," ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात. आणि मग ती आपणहून बोलायला लागली. शिकायला नागपूरला गेली तेव्हा वर्गात उभं राहून तिने 'फऱ्यावर लिहू का?' असं विचारलं होतं. वर्ग हसला होता, शिकवणारेही हसले होते. त्या वर्षी तिने आरशासमोर उभं राहून ळ घोकला, रोज, खोलीतल्या मुली झोपल्यावर. "याच्यावर कोनी हासू नये म्हनून मी..." ती म्हणाली. ण सगळे गळून पडले होते. डोळे भरून आले होते. "मले वाटलं, लहानपनीच कापून टाकलं त याले माह्यावानी तरास नाई होनार."

शालूबाईने पाण्याचा ग्लास तिच्या पुढे सरकवला.

टोपलीमागून आयुषचं डोकं वर आलं. तो मिसकडे टक लावून बघत होता. दिवाळीपासून जो तिच्यासमोर एक अक्षर बोलला नव्हता, तो आईला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, मिसचीबी चिकटेल आहे!"

"चूप रे!" मनोहरभाऊ ओरडले.

पण मिस खुर्चीवरून उतरली. इस्त्रीचा ड्रेस, तशीच जमिनीवर त्याच्यासमोर बसली. "पाह्य बरं," ती म्हणाली आणि तिने जीभ बाहेर काढली.

आयुष पुढे सरकला. हनुवटी धरून त्याने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मान वाकडी करून खालूनही पाहिलं. मनोहरभाऊ खुर्चीतून पुढे वाकले होते आणि खरं सांगायचं तर मीही.

"नाई," तो शेवटी म्हणाला. "चांगली आहे. कापा नोका."